षट्कर्णी : मॉस्कोतील भिंतींचे कान

एखादे गुपित फुटले की ते 'षट्कर्णी झाले' असे आपण म्हणतो. शब्द संस्कृत वळणाचा असला तरी त्यामागचा हिशोब अगदी घरगुती आहे. दोघांच्या बोलण्यात चार कान असतात. तिसरा माणूस आला की कान सहा होतात आणि गुपित संपते. या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे तिसरा माणूस दिसतो. तो दिसलाच नाही तर काय, ही शंका 'भिंतीलाही कान असतात' या म्हणीत आहे. पहिल्या प्रयोगात कान मोजता येतात, दुसऱ्यात येत नाहीत. आपल्या बोलण्याला नेमके किती कान आहेत हे बोलणाऱ्याने ओळखावे कसे, हा चोरून ऐकण्याच्या इतिहासातला मूळ प्रश्न आहे.

कौटिल्यालाही हा प्रश्न पडला होता. 'अर्थशास्त्रा'च्या पहिल्या अधिकरणात राजाच्या सल्लामसलतीविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. मसलतीची जागा बंदिस्त असावी, तिथला शब्द बाहेर झिरपू नये, पक्ष्यांच्याही नजरेस ती पडू नये, असे तो सांगतो. पोपट, मैना, कुत्रे आणि इतर प्राण्यांमुळे मसलती फुटल्याचे ऐकिवात आहे, असे कारणही देतो. ऐकलेले जसेच्या तसे दुसरीकडे पोचवणारा पिंजऱ्यातला पोपट हे आपल्या परंपरेतले पहिले श्रवणयंत्र म्हणायला हरकत नाही. परंतु कौटिल्य पोपटापाशी थांबत नाही. दूत, अमात्य आणि खुद्द राजा यांच्या 'इंगिता'वरून आणि 'आकारा'वरूनही मसलत फुटते, असे तो पुढे म्हणतो. इंगित म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे वागणे, आकार म्हणजे चेहऱ्यावर उमटलेला भाव. शिवाय बेसावधपणा, मद्य आणि झोपेतली बडबड आहेच. पक्षी हाकलता येतात, वागण्यातला फरक लपवणे कठीण.

कौटिल्याने हे सांगितले ते गुपित बाळगणाऱ्यांविषयी. मात्र जो चोरून ऐकतो त्याच्याजवळही एक गुपित असते : आपण ऐकत आहोत, हे. तेही त्याच वाटांनी फुटते. विसाव्या शतकात मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीत जे घडले त्यावरून हे फार स्पष्ट दिसते. १९४५ ते १९९१ या काळात त्या इमारतींमधून एकामागोमाग एक छुपी श्रवणयंत्रे निघाली. त्यांतील बहुतेक प्रकरणांचे कागद आता खुले झाले आहेत आणि संबंधितांच्या आठवणीही प्रसिद्ध आहेत. त्यामुळे यंत्र काय होते एवढेच कळून भागत नाही. ते असल्याची खूण कुणाला, कशी सापडली, हेही तपासता येते.

*

१९४५च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध संपत आलेले असताना, सोव्हिएत बालसंघटनेच्या मुलांनी अमेरिकी राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना एक भेट दिली. पंख पसरलेला गरुड असलेल्या अमेरिकी राजमुद्रेची ती लाकडात कोरलेली देखणी प्रतिकृती होती. दोस्त राष्ट्रांच्या मैत्रीची खूण म्हणून ती स्पासो हाउस या राजदूतांच्या निवासस्थानी अभ्यासिकेत टांगली गेली. पुढली सात वर्षे ती तिथेच होती. या काळात राजदूत बदलत गेले, शीतयुद्ध सुरू झाले, बर्लिनची नाकेबंदी झाली, कोरियात लढाई पेटली. गरुड सारे ऐकत होता.

त्याच्या पोटात तांब्याची एक छोटी पोकळ डबी होती. डबीच्या तोंडाशी साधारण केसाच्या जाडीचा धातूचा पडदा आणि सोबत वीतभर लांबीची अँटेना. तारा नाहीत, बॅटरी नाही, स्वतःहून काहीही प्रक्षेपित करणारा भाग नाही. हे यंत्र समजून घ्यायला आज एक सोपे उदाहरण हाताशी आहे. टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो. त्या चकतीत बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनातून आलेल्या रेडिओलहरी तिला क्षणभर जागे करतात आणि तीच लहर थोडी बदलून परत जाते. स्पासो हाउसमध्ये हेच घडत होते. बाहेरून, जवळपासच्या एखाद्या जागेतून, गरुडाच्या रोखाने रेडिओलहरींचा झोत सोडला जाई. खोलीत कुणी बोलू लागले की आवाजाने पडदा थरथरे, डबीचा विद्युतगुण त्या थरथरीबरोबर बदले आणि परतणाऱ्या लहरीवर बोलण्याचा ठसा उमटे. झोत बंद केला की उरे ते निव्वळ लाकूड आणि तांबे. खोल्या तपासणारे लोक तारा शोधत, नाहीतर खोलीतून बाहेर जाणारे संदेश शोधत. त्यांना इथे शोधण्यासारखे काही मिळणारच नव्हते.

हे यंत्र घडवणाऱ्या लेव तेरमेन यांची कहाणी यंत्राइतकीच विलक्षण आहे. पाश्चात्त्य जगात ते थेरेमिन या नावाने ओळखले जातात. १८९६ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मलेल्या या पदार्थवैज्ञानिकाने १९२०च्या सुमारास हात न लावता वाजवायचे वाद्य शोधून काढले. अँटेनाजवळ हात हलवला की शरीराच्या सान्निध्यामुळे मंडलाचा विद्युतगुण बदलतो आणि स्वर चढतो किंवा उतरतो. १९२२ साली त्यांनी ते लेनिनसमोर वाजवून दाखवले. पुढे ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कमध्ये दहाएक वर्षे राहिले, मैफली केल्या, नाव कमावले. १९३८ साली ते मायदेशी परतले आणि १९३९ साली त्यांना अटक झाली. कोलिमाच्या छळछावणीनंतर त्यांची रवानगी 'शराश्का'मध्ये झाली. शराश्का म्हणजे कैदेतील शास्त्रज्ञांकडून सरकारी संशोधन करून घेणारी प्रयोगशाळा. हवेतल्या हाताची हालचाल टिपून तिचा स्वर करणाऱ्या माणसाने तेच तत्त्व वापरून हवेतल्या शब्दाची थरथर टिपणारी डबी केली. तेरमेन यांच्या हातून ऐकण्याचे आणखी एक साधन तयार झाले. खिडकीच्या काचेवर अवरक्त किरण सोडून काचेच्या कंपनांवरून आतले बोलणे टिपायचे, असा तो प्रयोग होता. १९४७ साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले आणि सुटकाही झाली. सुटकेनंतरही काम त्याच खात्याचे राहिले.

एक कैदी ऐकण्याचे यंत्र बनवतो आणि त्या यंत्रामुळे एक स्वतंत्र माणूस, त्याला नकळत, नजरकैदेत गेल्यासारखा होतो. या विरोधाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

*

गरुडाचे बिंग फुटले ते अपघाताने. १९५१ साली मॉस्कोतील ब्रिटिश वकिलातीतला एक रेडिओचालक सोव्हिएत हवाई दलाच्या ध्वनिलहरी ऐकत बसला होता. अचानक त्याला अमेरिकी संभाषण ऐकू येऊ लागले. झोत सोडणाऱ्यांची लहर त्याच्या यंत्रावर येऊन पडली होती. चोरून ऐकणारा स्वतःच ऐकला गेला. कौटिल्याच्या भाषेत हा प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. एवढ्या नाजूक कौशल्याने बनवलेल्या यंत्राची गोष्ट फुटली ती त्याच्यातील एखाद्या उणिवेमुळे नाही. ते वापरण्यासाठी जो झोत सोडावा लागे तोच दुसऱ्या कुणाच्या कानी पडला.

तरीही यंत्र हाती लागायला आणखी वर्षभराहून अधिक काळ गेला. १९५२च्या मे महिन्यात जॉर्ज केनन राजदूत म्हणून आले. सोव्हिएत धोरणाचे ते अमेरिकेतले सर्वात जाणते अभ्यासक मानले जात. घराची आधी झालेली तपासणी निष्फळ ठरली होती. सप्टेंबरमध्ये जोसेफ बेझजियन हा तंत्रज्ञ पाहुणा म्हणून घरात राहायला आला. तपासणी होणार आहे असा संशय नोकरांना येऊ नये म्हणून ही व्यवस्था. यंत्र शोधायचे तर ते चालू असताना शोधायला हवे, आणि ते चालू असायला हवे तर ऐकण्यासारखे काही बोलले जायला हवे. म्हणून एका संध्याकाळी केनन अभ्यासिकेत बसले आणि त्यांनी आपल्या सचिवाला मोठ्याने मजकूर सांगायला सुरुवात केली. मजकूर म्हणजे मॉस्कोहूनच पूर्वी पाठवला गेलेला आणि नंतर छापून प्रसिद्धही झालेला एक जुना खलिता होता. तंत्रज्ञ भिंतींशी चाचपडत होते. राजमुद्रा उतरवून त्यांनी तिच्यामागची भिंत फोडली. तिथे काही नव्हते. अखेर हातोडी राजमुद्रेवरच चालली आणि गरुडाच्या पोटातून ती डबी निघाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याचे एवढे शब्दशः उदाहरण राजनैतिक इतिहासात दुसरे नसेल.

त्यानंतरची सकाळ केनन यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. घरातील वातावरण पार बदलून गेले होते. रशियन नोकर आणि फाटकावरचे पहारेकरी यांच्या चेहऱ्यांवर उघड वैर होते. कुणी एक शब्द बोलले नव्हते, पण काय घडले ते सर्वांना ठाऊक होते. इंगित आणि आकार यांची याहून चोख नोंद सापडणे अवघड. रेडिओयंत्रांनी जे महिनोन्‌महिने दाखवले नाही ते नोकरांच्या चेहऱ्यांनी एका सकाळीत सांगितले. अर्थात सांगायची गरज संपल्यावर.

प्रकरणाचा शेवट आणखी उपरोधिक आहे. त्याच सप्टेंबरमध्ये लंडनला जाताना केनन बर्लिनच्या टेंपलहॉफ विमानतळावर उतरले. मॉस्कोतील आयुष्याविषयी एका वार्ताहराने विचारता ते बोलून गेले की, युद्धकाळात जर्मनीत आपण नजरकैदेत काढलेल्या दिवसांसारखेच ते आहे. सोव्हिएत सरकारने ऑक्टोबरच्या आरंभी त्यांना अवांछित व्यक्ती ठरवले. बंद खोलीत महिनोन्‌महिने शब्द तोलून बोलणारा माणूस उघड्या विमानतळावर, सर्वांच्या देखत, आपल्याच तोंडाने सापडला. त्यासाठी कुठल्याही यंत्राची गरज लागली नाही. सतत पहाऱ्याखाली राहण्याचा ताणच तिथे बोलला, असे म्हणता येईल.

गरुडाची डबी मात्र आठ वर्षे गुप्त ठेवली गेली. १९६०च्या मे महिन्यात अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले आणि प्रश्न सुरक्षा परिषदेत आला. तेव्हा २६ मे रोजी अमेरिकी प्रतिनिधी हेन्री कॅबट लॉज यांनी ती राजमुद्रा उघडून जगाला दाखवली. तुम्हीही ऐकता, एवढाच त्याचा अर्थ होता.

*

यानंतर अमेरिकी वकिलात सावध झाली असेल अशी आपली अपेक्षा असते. ती सावध होतीच. तरी उपयोग झाला नाही. १९५०च्या दशकात वकिलात ज्या इमारतीत गेली तिच्या भिंतींत सोव्हिएत कारागिरांनी आधीच मायक्रोफोन बसवलेले होते. वर्षानुवर्षे नियमित तपासण्या झाल्या, काही सापडले नाही. १९६४ साली भिंती फोडल्या तेव्हा चाळीसहून अधिक मायक्रोफोन निघाले. नेमक्या कुठल्या भिंती फोडायच्या याची माहिती सोव्हिएत हेरखात्यातून फुटून आलेल्या माणसांकडून मिळाली होती. भिंतीचे कान माणसाच्या तोंडातून कळले.

तिसरे प्रकरण टंकलेखनयंत्रांचे. १९८३ साली अमेरिकेला एका मित्रराष्ट्राकडून कळले की, मॉस्कोतील आपल्या वकिलातीच्या दूरमुद्रकात त्यांना छुपे उपकरण सापडले आहे. हे मित्रराष्ट्र म्हणजे फ्रान्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील वॉल्टर डीली यांनी धाडसी योजना मांडली आणि १९८४च्या फेब्रुवारीत अध्यक्ष रेगन यांनी तिला मंजुरी दिली. मॉस्को वकिलातीतील एकूण एक विजेचे कार्यालयीन यंत्र बदलायचे, जुनी यंत्रे अमेरिकेला आणायची आणि तिथे उघडून पाहायची. सुमारे अकरा टन सामान शंभर दिवसांच्या आत हलवले गेले. आठवड्यांमागून आठवडे क्ष-किरण तपासणी चालली. २३ जुलैच्या रात्री एका तंत्रज्ञाला आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टंकलेखनयंत्राच्या विजेच्या कळीत तारेचे एक वेटोळे जास्तीचे दिसले. त्या धाग्यावरून पुढे यंत्राच्या आतला एक आधारदांडा तपासला, तर तो पोकळ केलेला होता आणि त्यात इलेक्ट्रॉनिक मंडल होते. अक्षरांचा गोळा कुठल्या अक्षरासाठी किती वळतो हे ते चुंबकीय बदलांवरून ओळखत असे आणि साठवलेली माहिती अत्यल्प वेळात लहरींवरून बाहेर पाठवत असे. मॉस्को आणि लेनिनग्राड मिळून अशी सोळा यंत्रे सापडली. त्यांतली सर्वात जुनी १९७६पासून कार्यरत होती.

इथे खोलीतील शब्द ऐकण्याचीही गरज उरली नव्हती. बोटाने कळ दाबली की अक्षर गेले. सांकेतिक लिपीत बदलण्याआधीचाच मजकूर हाती लागत असल्याने संकेत कितीही अभेद्य असला तरी व्यर्थ होता.

चौथे प्रकरण एका अख्ख्या इमारतीचे. नव्या वकिलातीचे बांधकाम १९७९ साली सुरू झाले. सोव्हिएत मजूर, सोव्हिएत काँक्रीट; खांब आणि तुळया दुसरीकडे साच्यात ओतून तयार होऊन येत. १९८५ साली लक्षात आले की, सांगाड्यातच श्रवणयंत्रणा ओतलेली आहे, आणि काम थांबवले गेले. ती काढायची तर इमारतच काढायला हवी होती. पुढे काय करायचे यावर अमेरिकेत कित्येक वर्षे वाद झाला. अखेर १९९१च्या डिसेंबरमध्ये, सोव्हिएत संघ विसर्जित होण्याच्या बेतात असताना, केजीबीचे तत्कालीन प्रमुख वादिम बाकातिन यांनी अमेरिकी राजदूत रॉबर्ट स्ट्रॉस यांच्या हाती त्या यंत्रणेचे नकाशेच ठेवले. मायदेशात त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप झाला. इमारतीचे वरचे मजले उतरवून नव्याने बांधले गेले आणि २००० साली ती वापरात आली.

ही चारही प्रकरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्यात परक्या वकिलातीतला रेडिओचालक, दुसऱ्यात फुटून आलेला हेर, तिसऱ्यात मित्रराष्ट्राचा इशारा. चौथ्यात संशय आपला, पण पुरता उलगडा झाला तो खुद्द प्रतिपक्षाच्या हातून. उपकरणांनी शोध पूर्ण केला, सुरू मात्र केला माणसांनी. चोरून ऐकले जात असल्याची खूण शोधणाऱ्याने भिंतीकडे पाहत राहण्यात फारसा अर्थ नाही, असेच हा इतिहास सांगतो.

*

खूण ओळखता आली म्हणजे सारे साधले असेही नाही. ओळखलेली खूण कुणाला सांगायची, हा पुढचा प्रश्न आहे.

१९५५-५६ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश हेरखात्यांनी बर्लिनमध्ये सुमारे साडेचारशे मीटर लांबीचा बोगदा खणून सोव्हिएत लष्कराच्या दूरध्वनी-तारा टोचल्या. अकरा महिन्यांहून अधिक काळ बोलणी ध्वनिमुद्रित होत राहिली. बोगद्याची योजना ठरवणाऱ्या बैठकीला ब्रिटिश हेरखात्यातील जॉर्ज ब्लेक हजर होता आणि ब्लेक केजीबीचा माणूस होता. म्हणजे बोगद्याची पहिली कुदळ पडण्याआधीच मॉस्कोला सारे ठाऊक होते. तरीही केजीबीने काही केले नाही. बोलण्यात अचानक बदल झाला असता तर संशय ब्लेकवर गेला असता. इंगित दिसू नये म्हणून त्यांनी आपल्याच लष्कराला अंधारात ठेवले. सेनाधिकारी दूरध्वनीवर नेहमीसारखे खरेखुरे बोलत राहिले आणि पाश्चात्त्य खाती ते खरेखुरे टिपत राहिली. १९५६च्या एप्रिलमध्ये पावसामुळे बिघडलेल्या तारांची दुरुस्ती हे निमित्त करून बोगदा 'सापडला'.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीवर १९५०च्या दशकापासून सूक्ष्मलहरींचा झोत सोडला जात असल्याचे अमेरिकी सरकारला माहीत होते. तो ऐकण्यासाठी होता की अन्य कशासाठी, यावर गुप्तपणे संशोधनही चालले होते. पण ज्यांच्या अंगावर तो झोत पडत होता त्या कर्मचाऱ्यांना ही गोष्ट १९७६ साली सांगण्यात आली. आरोग्यावर दुष्परिणाम झाल्याचा पुरावा १९७८च्या पाहणीत मिळाला नाही, तरी तोवर विश्वास गेला होता. दोन्ही राजवटी परस्परांच्या कट्टर विरोधक; आपल्या माणसांना न सांगण्याबाबत मात्र दोघींचे एकमत होते.

*

वकिलातीतील माणसांना निदान राजनैतिक संरक्षण होते. फार तर त्यांना देश सोडावा लागे. त्याच शहरातल्या सामान्य माणसाचे काय?

१९४९च्या अखेरीस मॉस्कोतील कुणा एका सोव्हिएत अधिकाऱ्याने अमेरिकी वकिलातीला दूरध्वनी केला. अणुबाँबची गुपिते मिळवण्यासाठी एक सोव्हिएत हेर अमेरिकेत कामाला लागणार असल्याचे त्याला सांगायचे होते. पलीकडच्या माणसाला काही नीट उमगले नाही. वकिलातीच्या तारा टोचलेल्या असल्यामुळे हे बोलणे ध्वनिमुद्रित झाले. बोलणारा कोण हे शोधण्यासाठी ती फीत मॉस्कोजवळच्या मार्फिनो येथील शराश्कात आली. तिथे भाषाशास्त्रज्ञ लेव कोपेलेव कैदेत होते. त्यांनी संशयितांच्या आवाजांशी फीत ताडून एका माणसाकडे बोट दाखवले, आणि तो माणूस पकडला गेला. कोपेलेव यांनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच शराश्कात त्यांचा एक सहकैदी होता, अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन.

सोल्झेनित्सिन यांच्या 'फर्स्ट सर्कल' या कादंबरीचे कथानक या घटनेवर उभे आहे. कादंबरी सोव्हिएत संघात छापली जावी या आशेने त्यांनी तिची एक सौम्य आवृत्ती तयार केली. ती तिथे छापली गेली नाहीच. १९६८ साली पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध झाली. तिच्यात दूरध्वनी करणारा मुत्सद्दी एका डॉक्टरला सावध करत असतो. मूळ कथानकाची पूर्ण आवृत्ती १९७८ साली आली, तेव्हा वाचकांना कळले की तो दूरध्वनी अमेरिकी वकिलातीला आणि अणुगुपिताविषयी होता. चोरून ऐकण्याविषयीची ही कादंबरीसुद्धा, कुणीतरी वाचणार आहे हे जाणून, आपले बोलणे बदलून बसली होती. साहित्याच्या अभ्यासकाने या दोन आवृत्त्यांमधला फरक 'इंगित' म्हणून वाचायला हवा.

समाजाच्या पातळीवर हा फरक रोजच्या वागण्यात दिसे. मॉस्कोतील लोक दूरध्वनीवर उशी ठेवत, महत्त्वाचे बोलताना नळ सोडून ठेवत किंवा रेडिओ मोठ्याने लावत. असंतुष्ट विचारवंत आणि परदेशी वार्ताहर लहान मुलांच्या खेळण्यातली पाटी वापरत. तिच्यावर लिहायचे, समोरच्याने वाचायचे, वरचा कागद उचलायचा की अक्षरे पुसली जातात. वकिलातींनीही खोलीच्या आत पारदर्शक प्लास्टिकची दुसरी खोली उभारून तिच्यात बसून बोलायला सुरुवात केली. या साऱ्या घरांत यंत्रे होती का? बहुतेकांत नसतील. पण यंत्र असण्याची गरजही उरली नव्हती. माणसे जणू यंत्र आहेच असे धरून वागत होती, आणि ऐकणाऱ्या सत्तेचे निम्मे काम तेवढ्याने होत होते.

कौटिल्याचा तोच अध्याय इथे पुन्हा उघडावासा वाटतो. मसलत फुटण्याचे धोके सांगताना तो भारद्वाजाचे मत देतो : राजाने गुप्त विचार एकट्यानेच करावा. कान दोनच, म्हणजे फुटण्याचा प्रश्नच नाही. हे मत कौटिल्याला मान्य नाही. एकट्याच्या विचाराने निर्णय नीट होत नाही. तीन किंवा चार मंत्र्यांबरोबर मसलत करावी, असे तो सांगतो. म्हणजे गुप्ततेचा एवढा कडेकोट पुरस्कार करणारा हा ग्रंथकार शेवटी आठ-दहा कानांचा धोका जाणूनबुजून पत्करतो. कारण बोलणेच थांबले तर राखण्यासारखे गुपितही उरणार नाही, हे त्याला कळत होते.

सोव्हिएत राज्याला ते कळले नाही. त्याने मित्राच्या भेटवस्तूत, भिंतीत, टंकलेखनयंत्रात, काँक्रीटमध्ये कान पेरले आणि त्यासाठी आपल्यातले अतिशय बुद्धिमान लोक तुरुंगात बसवून कामाला लावले. त्या राज्याला आपल्या माणसांचे सारे बोलणे ऐकू येत होते. फक्त त्या बोलण्यात आता खरे असे थोडेच उरले होते. स्पासो हाउसच्या अभ्यासिकेत त्या संध्याकाळी केनन मोठ्याने सांगत होते तो मजकूर जुना आणि छापून झालेला होता, आणि पलीकडे कुणीतरी तो मन लावून ऐकत होते.